गालिच्यातलं घोरणं

माझा मुलगा सिनेमात काम करतो असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, कुठल्या सिनेमात दिसला? दिसत नाही, ऐकू येतो, असं मी सांगते. आवाजाचं काम आहे त्याचं. दार करकरलं, कुणी जिना उतरलं, कुणी कुणाच्या थोबाडीत दिली, की तो आवाज वेगळा आणून चिकटवावा लागतो. शूटिंगच्या वेळचा आवाज म्हणे बरा येत नाही. मला आधी ही सगळी थाप वाटायची. मग एकदा त्याने माझ्या ओट्यावर कोबीचा गड्डा आपटून कुणाचं तरी डोकं फोडून दाखवलं, तेव्हापासून मी त्याच्या धंद्याबद्दल शंका घेणं सोडलं. कोबी मात्र माझा होता, आणि तो नंतर मीच शिजवला.

मी कपडे दुरुस्त करते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, तिथे काचेला लागून माझं मशीन. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची. आमचे हे गेल्यावर सगळे म्हणाले, आता पुरे, घरी बसा. घरी बसून काय करू? घरी माझी नणंद बसलेलीच असते, आणि एका घरात दोन बायका दिवसभर बसल्या तर भिंतींना तडे जातील.

नणंद म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली आणि राहिली आमच्याबरोबरच. मी मशीनवर असायची तेव्हा मुलाला भरवणं, ताप आला की उशाशी बसणं, गणितं चुकली की कान पिळणं, हे सगळं तिने केलं. त्यामुळे तो माझा मुलगा असला तरी आत्याचा जरा जास्त आहे, आणि याचं मला वाईट वाटायचं कधीच थांबलं. एरवी आम्ही एकमेकींना अगंतुगं करतो. राग आला की मी तिला 'वन्सं' म्हणते आणि 'तुम्ही'वर येते. ती राग आला की काहीच म्हणत नाही, नुसती भांडी घासते. घासलेली भांडी पुन्हा घासते.

तर मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, माझा सिनेमा लागलाय तिकडे. पण तू बघू नकोस. आणि आत्याला तर मुळीच नेऊ नकोस. तुमच्यासाठी नाहीये तो."

"का? नागडंउघडं आहे का?"

"नाही गं. खून आहे. आणि खुनावर विनोद आहे. लोक चिडतायत."

आता मला सांगा, बघू नकोस म्हटल्यावर कुठली आई घरी बसेल. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या खेळाला मी नणंदेला घेऊन गेले.

सिनेमा असा. दोन साडू असतात. साडू हे नातंच मुळात गमतीचं, एकमेकांशी धड भाऊही नाहीत आणि धड परकेही नाहीत. त्या दोघांना सासऱ्याचं घर हवं असतं, आणि सासरा मरायचं नाव घेत नाही. खाऊनपिऊन ठणठणीत. वर दोघा जावयांना येताजाता घालूनपाडून बोलतो. शेवटी दोघे त्याच्या दुधात झोपेच्या गोळ्या घालतात. म्हातारा निपचित पडतो. मग दोघे त्याला त्याच्याच दिवाणखान्यातल्या गालिच्यात गुंडाळतात आणि खाली न्यायला निघतात, तर लिफ्ट बंद. मग जिन्यावरून. आणि शेजारी म्हणजे अगदी मदतीला धावणारे. एक जण पायाकडून धरतो, एक जण डोक्याकडून, "जड आहे हो, अस्सल लोकरीचा दिसतो," म्हणतो. एका मजल्यावर सगळे दम खायला गालिचा खाली ठेवतात, तर वरून आलेली एक जाडजूड बाई हाश्शहुश्श करत त्याच्यावरच टेकते.

थिएटरात तोवर सरळ दोन पक्ष पडले होते. मागच्या रांगांतली पोरंपोरी खिदळत होती. आमच्या पुढचे एक गृहस्थ दर पाच मिनिटांनी बायकोला म्हणत होते, "काय हा वाह्यातपणा," आणि उठत मात्र नव्हते. मी हसणाऱ्यांच्या पक्षात. मला जावयांची फजिती बघायला आवडते, त्यात काय लपवायचं. नणंद तोंडावर रुमाल धरून बसली होती. खांदे हलत होते, म्हणजे तीही हसत होती.

आणि ती बाई बसलेली असताना गालिचा घोरायला लागला.

सगळं थिएटर फुटलं. पुढचे गृहस्थसुद्धा हसले. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घोरणंही असं की बोलायची सोय नाही. दोन लांबलचक ओढी, मग एकदम सामसूम, इतकी की वाटावं संपला, आणि मग बारीक शीळ घालून पुन्हा सुरू. त्या सामसुमीत दोन्ही साडवांची तोंडं बघण्यासारखी होती. दुसरी ओढ झाली, सामसूम झाली, आणि माझं उजवं कोपर माझ्या नकळत बाजूला गेलं. जोरात. जसं लग्न झाल्यापासून रोज रात्री जायचं.

कोपर रिकाम्या खुर्चीला लागलं. नणंद उठून उभी होती. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत ती बाहेर चालली होती, आणि कुणीतरी "बसा हो आजी" म्हणत होतं.

तेव्हा मला कळलं की ते घोरणं ह्यांचं आहे.

मी उठायला हवं होतं. नाही उठले. पाय उचलेनात असं मी नंतर मुलाला सांगितलं, पण खरं सांगू का, मला आणखी ऐकायचं होतं. गालिचा पुढे तळमजल्यापर्यंत घोरत गेला. लोक हसत होते आणि मी कान देऊन बसले होते. हसू गेलं होतं, पण रडूही येत नव्हतं. नुसतं बरं वाटत होतं, आणि इतकं बरं वाटतंय याची लाज वाटत होती.

घरी आले तर नणंद चपला न काढता खुर्चीवर बसली होती.

"तू हसलीस," ती म्हणाली.

"आधी हसले. ओळखलं नव्हतं."

"ओळखल्यावर बसून राहिलीस."

ती उठली आणि भांडी घासायला लागली. त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं. माझ्याशी कामापुरतं, मुलाशी तेवढंही नाही. त्याचा फोन आला की ती मोरीत जायची.

मुलगा रविवारी आला. तोंड उतरलेलं. मी त्याला दारातच धरला.

"लाज नाही वाटली? बापाला गालिच्यात गुंडाळलंस?"

"आई, ऐकून तरी घे," म्हणाला, आणि सगळं सांगितलं. त्यांच्या कामाची एक रीत असते. सिनेमा जोडायला घेतला की नेमका आवाज मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवायची नाही, हाताशी असेल तो कुठलाही आवाज तात्पुरता लावून द्यायचा. नंतर काढायचा आणि नीट केलेला घालायचा. याच्या हाताशी बाबांचं घोरणं होतं, ते लावलं. दिग्दर्शकाने ते ऐकलं, जोडणाऱ्याने ऐकलं, महिनाभर सगळे तेच ऐकत हसत राहिले. मग याने दुसरी घोरणी आणली. विकत घेतली, नटाकडून करून घेतली, स्वतः घोरून बघितलं. दिग्दर्शक म्हणाला, यातलं एकही नको, पहिलंच ठेव, त्या थांबण्यात जान आहे. तात्पुरतं म्हणून लावलेलं कायमचं चिकटलं. त्यांच्या धंद्यात हे नेहमी होतं म्हणे, पण नेहमी काही कुणाचा बाप चिकटत नाही.

"सांगायचं नाही का त्याला, की हे माझे वडील आहेत?"

"सांगणार होतो. मग वाटलं, राहू दे ना. सगळीकडे लागेल, सगळे ऐकतील." तो खाली बघायला लागला. "मला ते बरं वाटत होतं आई. आणि तुम्ही दोघी असला सिनेमा बघायला जाल असं वाटलं नव्हतं."

म्हणजे बरं वाटणारी मी एकटीच नव्हते. माझा राग तिथेच निम्मा झाला, पण मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

ते घोरणं त्याच्याकडे आलं कसं, तेही सांगते. आमचे हे घोरायचे आणि मरेपर्यंत कबूल झाले नाहीत. "मी? मला तर झोपच लागत नाही," असं वर म्हणायचे. मुलाने शिकत असताना पहिलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेतलं तेव्हा मीच म्हटलं, आधी पुरावा गोळा कर. त्याने केला. सकाळी चहाच्या वेळी वाजवला. ह्यांनी कप खाली ठेवून अगदी मन लावून ऐकला आणि म्हणाले, "हा मी नाही. हा कुणीतरी जाड माणूस आहे." नणंद तेव्हा इतकी हसली होती की चहा नाकात गेला.

"टीव्हीवर यायच्या आत बदलता येईल," मुलगा म्हणाला. "दिग्दर्शकाशी भांडेन. आत्याला सांग, मी काढतो म्हणून."

मी मोरीच्या दाराशी जाऊन सांगितलं. आतून नुसता नळाचा आवाज आला.

इकडे दुकानात वेगळाच बाजार. आमच्या भागात त्या सिनेमाने घराघरांत उभी फूट पाडली होती. दातांचा डॉक्टर दोनदा बघून आला होता आणि पँट टाकायला आला की जिन्यावरचा सीन करून दाखवायचा. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, मृत्यूची टिंगल करणाऱ्या समाजाचं काही खरं नाही. एक नवीन लग्न झालेलं जोडपं तर माझ्यासमोर भांडलं. ती म्हणत होती मजा आली, तो म्हणत होता तुला मजा आलीच कशी, त्यात जावई सासऱ्याला मारतात. ती म्हणाली, माझ्या वडिलांना कळवून ठेवते. आमच्या मालकाने सिनेमा बघितलाच नव्हता आणि त्याचं मत सगळ्यांत ठाम होतं. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, पण ज्याने बघितलेलं नाही त्याची प्रकृती नेहमी जरा जास्तच ठणठणीत.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत. "पण घोरलाय काय तो नट," डॉक्टर म्हणायचा. मुख्याध्यापिकाही म्हणाल्या, "तेवढा अभिनय चांगला होता." मी सुई तोंडात धरून गप्प. घोरावं माझ्या नवऱ्याने आणि शाबासकी नटाला. एकदा अगदी जिभेवर आलं होतं, पण म्हटलं, सांगितलं तर हे लोक ह्यांनाच विचारायला निघतील.

आणि मग एके सकाळी नणंद माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी चालले. निवृत्त नर्सेसचं घर आहे, तिथे एक खोली रिकामी झालीय. होकार कळवलाय."

"एका सिनेमापायी?"

"सिनेमापायी नाही."

"मग कशापायी?"

ती बॅग काढायला वळली. मला भयंकर राग आला. म्हटलं, "जा वन्सं, खुशाल जा. तुमचं घर आहे का हे, राहायला." असं बोलायला नको होतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी सवय. दुकानात जाऊन बसले आणि एका कोटाची बाही उलटी जोडली. ती उसवायला घेतली. मला ती जायला नको होती. मुलगा दुसऱ्या गावात, हे गेलेले, आणि उद्यापासून घरी गेल्यावर दिवा मीच लावायचा. ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी माहीत असलेलं या जगात आता ते एकच माणूस होतं. बाही अर्धी उसवून तशीच ठेवली आणि मालकाला म्हटलं, डोकं दुखतंय, घरी जाते.

नणंद पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. नर्सच्या घड्या, कोपऱ्याला कोपरा. मी तिच्या बॅगेवरच जाऊन बसले.

"ऊठ," ती म्हणाली.

"नाही उठत. काय झालंय ते सांग आणि मग जा. मी हसले म्हणून? मी बसून राहिले म्हणून? अगं, मला ह्यांचा आवाज ऐकायचा होता. तुझा भाऊ होता तसा माझाही कुणीतरी होता ना."

"तू हसलीस म्हणून नाही गं." ती हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. "तू सगळ्यांना सांगतेस ना, झोपेत गेले, भाग्यवान."

सांगते. का नाही सांगणार? ह्यांचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. परवा घरी सोडू म्हणाले होते. त्या दुपारी मी अंघोळ करून धुतलेले कपडे आणायला घरी आले आणि ती ह्यांच्यापाशी थांबली. मग तिचा फोन आला. म्हणाली, वहिनी, सावकाश ये, गाढ झोपलाय, मस्त घोरतोय. मी दोन घास खाल्ले, ह्यांचा शर्ट इस्त्री केला. पोचले तेव्हा पडदा ओढलेला होता. झोपेत गेले, दुसरं काय म्हणणार.

"झोपेत नाही गेला," नणंद म्हणाली. "ते घोरणं नव्हतं."

मला कळेना. ती टॉवेलकडे बघतच बोलत होती, वॉर्डात नातेवाइकांना सांगायची त्याच आवाजात.

"माणूस जायला लागला की कधीकधी श्वास तसाच वाजतो. घोरल्यासारखा. मध्येच थांबतो, पुन्हा ओढतो. मी किती जणांचा ऐकलाय. नव्या मुलींना मी शिकवलंय, हा आवाज आला की उभ्या राहू नका, धावत सुटा. दुसऱ्या कुणाच्या पलंगावर आला असता तर मी वॉर्डाच्या पार टोकावरून ओळखला असता. पण तो दादा होता. दादा लहानपणापासून तसाच घोरायचा, दोन ओढी आणि मध्ये गप्प. मी नर्स म्हणून ऐकलंच नाही वहिनी. बहीण म्हणून ऐकलं. मला वाटलं, चला, इतक्या दिवसांनी झोप लागली याला."

बाहेर कुणीतरी फाटक उघडून आत आलं आणि वरच्या मजल्यावर गेलं. ते पाऊल वर जाईपर्यंत ती टॉवेलच्या कडा जुळवत राहिली.

"आणि मग मी त्याला कुशीवर केलं," ती म्हणाली. "म्हटलं, दादा, वळ, सगळ्या वॉर्डाला ऐकू जातंय. तो वळला, आणि आवाज थांबला. मला इतकं बरं वाटलं. मी पेपर वाचत बसले. राउंडवरची मुलगी आली तेव्हा तिने आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे."

खोटं बोलत नाही, पहिल्यांदा मला तिचा रागच आला. तू नर्स ना, तुला कळलं नाही? हे वाक्य मी तोंडातून बाहेर काढलं नाही, एवढंच. ती उभी होती, टॉवेल धरून, आणि वाट बघत होती. दोन वर्षं माझ्यासोबत एका ताटात जेवली, आणि मी पाव्हण्यारावळ्यांना 'झोपेत गेले' सांगायची तेव्हा दर वेळी उठून आत जायची. मला वाटायचं, भावाची आठवण येते तिला.

मग मला फोनवरचं पुढचं आठवलं. गाढ झोपलाय, घोरतोय, असं ती म्हणाल्यावर मी काय म्हटलं होतं ते.

"कुशीवर कर म्हणून मीच सांगितलं होतं तुला," मी म्हटलं.

"तू नसतं सांगितलंस तरी मी केलं असतं."

"ते राहू दे. सांगितलं होतं ना? म्हटलं होतं, कुशीवर कर, थांबेल. मी तिथे असते तर कोपराने ढोसलं असतं. दोन ढोसण्या दिल्या असत्या आणि वर म्हटलं असतं, आता कबूल करा." बोलता बोलता मला हसू फुटलं. कसं ते देव जाणे. हसू फुटलं आणि त्याच्याच मागून रडू आलं, आणि कुठलं कुठे संपलं ते मला सांगता येणार नाही. नणंद माझ्याकडे घाबरून बघत होती. मग तिनेही पलंगावर बसून टॉवेल तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते, पण या वेळी ती हसत नव्हती.

"त्यांना काही कळत होतं का?" मी डोळे पुसत विचारलं. "दुखत होतं?"

"नाही. ते नक्की. त्या वेळी माणसाला काही कळत नाही. हे मी नर्स म्हणून सांगतेय."

"मग झोपेतच गेले."

तिने टॉवेल बाजूला ठेवून सरळ विचारलं, "आता तुला माहीत झालं. सांग, राहू का जाऊ?"

"त्या नर्सेसच्या घरात तुझ्यासारख्या किती असतील?"

"पंधरावीस."

"सगळ्या घासलेली भांडी पुन्हा घासणाऱ्या. पाण्याचं बिल बघून वेड लागेल त्यांना," मी म्हटलं. "तू गेलीस तर मी भांडू कुणाशी? मशीनशी? राहा. माझ्यासाठी राहा, असं म्हटलं तर चालेल का तुला?"

तिने मान हलवली. मी बॅगेवरून उठले, आणि आम्ही चहा केला. दोघींचा अर्धा कप पिऊन झाला होता. तेवढ्यात तिने एकदम विचारलं, "मग त्या सासऱ्याचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"सिनेमातल्या. मी उठून आले ना."

"अगं, तो उठतो. मेलेलाच नसतो. जावयांनी घातलेल्या गोळ्या कमी पडतात."

"उठतो?" तिने कप खाली ठेवला. "कसा?"

"आता कसा म्हणजे काय सांगू. उठतो झालं."

"मला बघायचंय," ती म्हणाली.

मी तिला खूप समजावलं. म्हटलं, तो आवाज पुन्हा ऐकवेल का तुला? मुलगा काढणार आहे तो, मग जाऊ. तर म्हणाली, काढायचा नाही, त्याला सांग, आत्याने सांगितलंय. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा त्याच थिएटरात जाऊन बसलो. गर्दी कमी झाली होती. तरी पुढे कुणीतरी "काय हा वाह्यातपणा" म्हणणारं होतंच, असा माणूस दर खेळाला असतो.

दूध आलं, गालिचा आला, लिफ्ट बंद पडली. नणंदेने माझा हात धरला. ती जाड बाई टेकली आणि घोरणं सुरू झालं. दोन ओढी. सामसूम. लोक हसले. नणंद मान खाली घालून ऐकत होती, आणि तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती, पण ती उठली नाही. गालिचा मजल्यामजल्याने खाली उतरत गेला आणि ती प्रत्येक ओढीला माझा हात घट्ट करत गेली.

तळमजल्यावर दोघा साडवांच्या हातून गालिचा सुटतो. तो जमिनीवर आपोआप उलगडत जातो आणि शेवटच्या वेढ्यातून सासरा बाहेर येतो. घोरणं थांबतं. तो थोडा वेळ तसाच पडून राहतो. मग डोळे उघडतो, उठून बसतो, आणि सगळ्यांकडे बघून वैतागून म्हणतो, "पंखा कुणी बंद केला?"

मागच्या रांगांत शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी टाळ्या पिटल्या, आणि एक जोडपं चिडून बाहेर गेलं. नणंदेने मान वर केली होती. ती पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या बोटांचा जोर हळूहळू कमी झाला.

"उठलास होय रे दादा," ती म्हणाली. हळूच, माझ्यासाठी नाही.